चार वाजताची साखर

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंनी आज इन्सुलिनच्या जोडीला एक गोळी दिली. "नुसत्या सुईने तुमची साखर ऐकत नाहीये." मी म्हटलं, माझ्यावरच गेलीय, कोणाचंच ऐकत नाही! हसल्या. मग एकदम गंभीर. सकाळी गोळी, इन्सुलिनचे चोवीस युनिट तूर्त तसेच. रोज चार वेळा तपासून आकडे कळवायचे. सत्तरच्या खाली एकदा जरी गेली तरी आधी साखर खायची आणि लगेच फोन करायचा, मग त्या इन्सुलिन कमी करतील. दोन्ही मिळून कधीकधी साखर फारच खाली आणतात म्हणे.

मला सांगतात! साखर खाली गेली की काय होतं ते मला नाही तर कोणाला माहीत? हे त्यातच गेले. या खिडकीजवळच्या खुर्चीत. तीन वर्षं झाली.

६ मार्च, शुक्रवार

गोळी गुणाची दिसते. सकाळी उपाशीपोटी १४२! कित्येक वर्षांत असा आकडा पाहिला नव्हता.

दुकानदाराने पँटींचा ढीग पाठवलाय — पाय आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला. जेवायला दोनाचे तीन होतात.

जिन्यात भाऊजी दिसले. मान फिरवली. मी, त्यांनी नाही. यांचा धाकटा भाऊ, खालच्याच मजल्यावर राहतो, तिथेच किल्ल्या बनवतो. सगळ्या गावाची कुलुपं उघडतात, पण तीन वर्षांत माझं तोंड काही उघडलं नाही त्यांना.

९ मार्च, सोमवार

लिहू की नको?

चार वाजले होते. दरदरून घाम फुटला, हात लटपटायला लागले, शिवण वाकडी पळाली. शिलाई मशीन थांबवून मीटरवर पाहिलं — ५८. उठून साखर खायला हवी होती. उठताच येईना. डोकं नुसतं भुसा भरल्यासारखं.

आणि समोर हे.

खिडकीच्या उजेडाने चेहरा दिसेना, पण उभं राहण्याची ढब तीच. खोकणंही तेच. ओठांना ग्लास लावला. गोड पाणी. "हळू. हळू."

नीट शुद्धीवर आले तर खोलीत कोणी नाही. मशीनच्या फळीवर ग्लास, तळाशी साखर. मीच उठून केलं असणार. दुसरं कोण करणार?

डॉक्टरबाईंना फोन करायला हवा. उद्या करते.

१० मार्च, मंगळवार

नाही केला.

१२ मार्च, गुरुवार

आज परत. ५४. हे आले, पाणी पाजलं. मी विचारलं, "अहो, रागावलात का माझ्यावर?" ग्लास तेवढा परत ओठांना लावला.

भीती वाटते. खरंच वाटते. आत्ता लिहितानाही दोनदा मागे वळून पाहिलं. पण फोन केला की बाई इन्सुलिन कमी करणार, आणि मग हे यायचे नाहीत. मला यांना एकच गोष्ट सांगायची आहे. तेवढी सांगून होऊ दे, मग करते.

चारचा आकडा ११० म्हणून कळवला. धडधडीत खोटं.

१६ मार्च, सोमवार

सांगितलं.

मीटर समोर फळीवरच, ५१. जीभ जड झालेली, तरी एका दमात बोलले. की त्या दिवशी तुम्ही जेवणाला नावं ठेवलीत म्हणून माझं डोकं फिरलं. इन्सुलिन टोचून झालं होतं, आणि मी ताट वाढलं नाही. चप्पल घातली आणि बहिणीकडे निघून गेले. पाचला आले तर तुम्ही खुर्चीत तसेच. मग घाबरून सगळ्यांना सांगितलं, मी भाऊजींना सांगून गेले होते, दादाला जेवायला वाढा म्हणून, तेच विसरले. मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं! ते एकदाच म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला सांगितलं नव्हतं." कोणी विश्वास ठेवला नाही. आणि वर मीच त्यांच्याशी बोलणं टाकलं.

हे ऐकत होते. मग रडले. जिवंतपणी कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही या माणसाने! म्हणाले, "जाऊ दे. झालं ते झालं."

एवढंच. संध्याकाळी मी पोटभर रडले आणि पोटभर जेवले.

१७ मार्च, मंगळवार

मी करायच्या आत डॉक्टरबाईंचाच फोन. "काल चार वाजता साखर ५१ होती. खरं की नाही?"

मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? "नाव नाही सांगितलं. एवढंच सांगून फोन ठेवला." मग अशी खरडपट्टी काढली की विचारता सोय नाही. इन्सुलिन आजपासून अठरा. जेवण एकच्या ठोक्याला.

तो आकडा फक्त मला माहीत होता. आणि यांना. मेलेली माणसं फोन करतात का? दिवसभर भिंतीला पाठ लावून बसले.

२० मार्च, शुक्रवार

१२४. कोणी आलं नाही.

२१ मार्च, शनिवार

११९. खुर्ची रिकामी.

सकाळी इन्सुलिनचं पेन चोवीसवर फिरवलं होतं. बराच वेळ हातात धरून बसले. मग अठरावर आणलं. सांगायचं ते सांगून झालं, आता कशाला बोलवायचं त्यांना? तरी वाईट वाटलं. फार वाटलं.

२३ मार्च, सोमवार

साखर १२८. पाठ भरून आली म्हणून मशीन थांबवून नुसती बसले होते. चार वाजायला आले होते. दाराचं कुलूप बाहेरून किल्लीने वाजलं. भाऊजी! हातात साखरपाण्याचा ग्लास. मला टक्क जागी बघून उंबऱ्यातच थिजले.

"मशीन थांबलं, पण तुमची पावलं नाही वाजली, वहिनी. म्हटलं आजही..."

त्यांनी ग्लास फळीवर ठेवला. खाली बघत म्हणाले, "तुम्ही मला दादा समजत होतात. मी नाही म्हणालो नाही."

आणि जिना उतरून गेले.

जाऊ दे म्हणाले ते भाऊजी. मी त्यांना साधं बसा म्हटलं नाही!