नऊ किलो पीठ

चिमणे,

तू बाळाला अंघोळ घालतेयस तोवर सटकतेय. पिठाची पिशवी शोधू नकोस, ती माझ्या कडेवर आहे. नऊ किलो, बाळाएवढीच.

खुब्याच्या दुखण्यापायी तीन आठवडे खुर्चीत बसून वेड लागायची पाळी आली. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, काठी चांगल्या बाजूच्या हातात धरा, आणि उचलायचंच असेल तर ओझं दुखऱ्या बाजूला घ्या, खुब्यावर ताण कमी येतो. तू नेमकं तेवढंच ऐकलं नाहीस.

कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. तू बाळासाठी आणलेला पाळणाघराचा फॉर्म टेबलावर आहे, फाडलेला नाही. जिन्यात पीठ सांडलेलं दिसलं तर फॉर्म खुशाल भर. नाही दिसलं, तर मी दारात आले की पिशवी उतरवून घे आणि त्याच कडेवर बाळ दे.

आई