जॅकचा अर्धा आटा

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, धंदा जुन्या मोटारी दुरुस्त करणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरतात पण पाना धरला की थांबतात, आणि हे मृत्युपत्र कोणी गोड बोलून वा धाक घालून लिहून घेतलेले नाही. माझ्याशी गोड बोलणारे घरात कोणी नाही आणि मला धाक घालणारी बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. याआधी मी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

गुरुवारी माझे हृदय उघडणार आहेत. मी सर्जनला विचारले, "काम झाल्यावर हत्यारं मोजता का?" तो म्हणाला, "आधी मोजतो, नंतरही मोजतो." एवढे ऐकून मी संमती दिली. एवढी शिस्त माझ्या ओळखीच्या एकाही गाडीवाल्याकडे नाही.

कलम १. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या सामानासकट माझ्या थोरल्या मुलाला द्याव्यात. तो हॉटेलांची सजावट करतो. मधली भिंत पाडून तो तिथे काच बसवील. बसवू दे. मागची खिडकी उघडत नाही. ती मी बावीस वर्षे "उद्या बघू" म्हणत तशीच ठेवली आहे. तीही त्याचीच.

कलम २. बँकेत असेल त्यातून आधी दवाखान्याचे भागवावे आणि उरेल ते दोन्ही मुलांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडण्याइतके ते नाही.

कलम ३. खालचे वर्कशॉप आणि काळी मोटार माझ्या मुलीला, धाकटीला द्यावी. मोटार म्हणजे गाडी, खणातली हत्यारे, जॅक, त्याचा दांडा आणि स्टेपनी, सगळे एकत्र. यातले काहीही वेगळे विकू नये.

ही गाडी मुळात मालकीणबाईंची, ज्यांच्या गाड्या मी सांभाळत असे. म्हातारपणी त्यांनी आपल्या तीन मुलांना गाडीपुढे उभे करून विचारले, "जॅक कुठे असतो?" एकाने बॉनेट उघडले, दुसऱ्याने मागची सीट उचलली, तिसऱ्याने ड्रायव्हरला हाक मारली. बाईंनी त्याच आठवड्यात गाडी माझ्या नावावर केली. मी त्या तिघांना पोटभर हसलो होतो. मग माझा मुलगा मोठा झाला.

त्याच्यासाठी पुन्हा एकदा लिहितो. जॅक डिकीत डाव्या बाजूला, दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये आडवा बसतो. आधी तो पूर्ण मिटवायचा, मग जागेवर ठेवायचा, मग दोन्ही पट्ट्यांना टेकेपर्यंत उघडायचा आणि वर अर्धा आटा द्यायचा, म्हणजे दांड्याने अर्धा फेरा आवळायचा. तो अर्धा आटा दिला नाही तर प्रत्येक खड्ड्याला जॅक बोंबलतो. ज्याने ही गाडी बनवली त्याला अक्कल होती. ज्यांनी ती विकत घेतली त्यांच्याबद्दल मी हमी देत नाही.

थोरल्याने एका मित्राच्या लग्नासाठी गाडी नेली, जॅक काढून घरी ठेवला आणि त्या जागी थंड पेयांचा निळा डबा बसवला. वाटेत चाक बसले. नवरानवरी रस्त्याच्या कडेला उभी आणि याचा मला फोन.

"बाबा, जॅक घरी राहिला."

"राहिला नाही. तू ठेवलास."

"अहो, डबा मावत नव्हता ना."

पुढच्या वर्षी त्याने गाडीच्या खणातली हत्यारे हॉटेलच्या भिंतीवर फुलासारखी मांडायला मागितली. निळा डबा मी जपून ठेवला आहे. तो त्याला द्यावा. हवा तर भिंतीवर मांडावा.

धाकटी दातांच्या दवाखान्यात हत्यारांचे ताट लावते. ड्रायव्हरच्या सीटखालच्या खणात हिरव्या कापडावर एकोणीस खाचा आहेत आणि ती डोळे मिटून अठरा हत्यारे आपापल्या जागी ठेवते. एकोणिसावी खाच प्लग पान्याची, इंजिनाचे प्लग खोलायच्या. ती रिकामी आहे. तिचे कलम पुढे आहे.

कलम ४. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस दरवर्षी स्पर्धा घेतात. पहिला नंबर त्यांच्या स्वतःच्या गाडीचा. तिच्या जॅकवर अजून कारखान्याचा रंग आहे, म्हणजे तो आजवर एकाही चाकाला लागलेला नाही. बडा घर पोकळ वासा. मला रिकाम्या खाचेपायी एकतीस वर्षे दुसरा नंबर देत आले. त्यांनी दिलेले सगळे पेले त्यांना परत करावेत. आतले नटबोल्ट आधी काढून घ्यावेत.

कलम ५. आता सगळ्यात मोठ्या गाढवाबद्दल. तो मी.

एकतीस वर्षांपूर्वी त्याच स्पर्धेत परीक्षकाने माझा खण ओढला आणि प्लग पाना नव्हता. वर्कशॉप तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून चालवत होतो. सगळ्या मंडळासमोर मी बोललो, "चावी दोघांकडेच असते. मी नेला नाही. मग कोणी नेला?"

तो म्हणाला, "दादा, नीट आठव."

मी म्हणालो, "चोराने मला आठवायला सांगू नये."

तो वर्कशॉपवर गेला, कामाचा कोट खिळ्याला अडकवला आणि दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचे दुकान काढले. त्याच्याकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सांगत असे, "जा, पण हत्यारं मोजून घ्या." बायको गेली त्या दिवशी तो दाराशी येऊन उभा राहिला. मी त्याला आत ये म्हटले नाही.

गेल्या महिन्यात जॅकची एक पट्टी गंजली म्हणून मी ती उतरवली. मागच्या पोकळीत माझा रुमाल होता आणि रुमालात प्लग पाना.

मग सगळे आठवले. त्या स्पर्धेच्या तीन आठवडे आधी मी बाहेरगावी जात होतो आणि जॅक वाजत होता. दांडा काढून अर्धा आटा द्यायचा मला कंटाळा आला. हाताला लागला तो पाना रुमालात गुंडाळून मी पाचर म्हणून ठोकला आणि स्वतःला म्हटले, उद्या नीट बसवू. पाचर मागे पडली. खण रोज मोजतो अशी फुशारकी मी गावभर मारत होतो. तीन आठवडे मोजला नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाने हत्याराची पाचर केली असती तर मी त्याला दारातून हाकलले असते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. माझा भाऊ चोर नाही, कधीच नव्हता, आणि हे मी आधीच सांगायला हवे होते. एक महिना पाना खिशात घेऊन त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि परत येतो. मला लाज वाटते.

कलम ६. भावाला मी काही देत नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला लाभ नसावा, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. दोन साक्षीदारांसमोर सही केल्याशिवाय हा कागद रद्दी आहे. पहिले, धाकटीच्या दवाखान्याचे डॉक्टर, तयार आहेत. दुसऱ्यासाठी वकील म्हणाले, "माझा कारकून चालेल की." मला चालणार नाही. ज्याला मी चारचौघांत चोर म्हटले त्यानेच कलम ५ वाचून सही करावी, नाहीतर मीही करणार नाही. मग सगळे निम्मे निम्मे होईल, आणि गाडी अर्धी करता येत नाही म्हणून थोरला ती विकायला काढील. तसे झाले तर ती माझ्या कर्माची फळे, धाकटीने काकाला बोल लावू नये.

निरोप धाकटी घेऊन गेली होती. तो म्हणाला, "बघतो." माझ्या घराण्यात या शब्दाचा काय अर्थ होतो ते कलम १ मधल्या खिडकीवरून कळेल.

पाना डिकीत, रुमालासकट ठेवला आहे. खाचेत मी ठेवणार नाही. मला तो हक्क उरलेला नाही.

ठिकाण: वर्कशॉप, मोटारीच्या डिकीजवळ.
वार: बुधवार, संध्याकाळी साडेसहा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला, दातांचे डॉक्टर: (सही) दोघांनीही माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ, मोटार मेकॅनिक: (सही) कलम ५ दोनदा वाचले. पाना पुसून खाचेत ठेवला. एकोणीस भरली. जॅक दादाने आजही सैलच ठेवला होता. अर्धा आटा मी दिला. उद्या दादाला दवाखान्यात नेताना गाडी मी चालवीन.