सईच्या बरण्या

बेलव्ह्यू,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. प्रतिमाताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा कागदावरच पोचला असं समज. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हा विषय ओरडून सांगण्यासारखा नाही, म्हणून पत्र.

मी जानेवारीत नागपूरला येत नाही. तिकीट कॅन्सल केलं. रागाव, पण आधी पूर्ण वाच.

सईला जोराची सर्दी आणि ताप होता, म्हणून मी आठवडाभरासाठी तिच्याकडे आले होते. संजीव तिकडे आमच्या घरी, ईडन प्रेरीला, एकटेच बर्फ उपसताहेत. सर्दी कधीच गेली. मी इथेच आहे.

माझी मुलगी काय काम करते, तर 'वनस्पतिशास्त्रातलं', एवढंच मी तुला आजवर सांगत आले. ते खोटं नाही. ती गांजाच्या कंपनीत आहे. हो, गांजा. या राज्यात तो कायदेशीर आहे, दुकानात साबणासारखा मांडलेला असतो. त्याचे नवनवे संकर करतात. कुठलं रोप ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे सई वासावरून ठरवते, लेबलावरचं वर्णनही तीच लिहिते. एम.एस्सी.ला मी मेंडेलचे वाटाणे घोकले, ते हे पाहायला!

घरात गांजाच्या नमुन्यांच्या बरण्यांची रांग आहे. नव्या संकराची आई म्हणे अफगाणी डोंगरातली, बुटकी, रुंद पानांची. बाप थायलंडकडचा, उंच आणि सडपातळ. एकाच आईबापाचं बी, तरी प्रत्येक रोपाचा वास निराळा. मग आवडलेल्या रोपाच्या फांद्या लावून तेवढंच वाढवत राहायचं. झाकण उघडलं की घरभर दुर्गंधी. इथे स्कंक नावाचा मुंगसाएवढा काळापांढरा प्राणी असतो, तो घाण फवारतो. तो गाडीखाली आलेला, त्यावर सांडलेलं डिझेल, आणि मागून लिंबाची साल. शिसारी येते. आणि याला लोक पैसे मोजतात!

"याने होतं तरी काय?" मी विचारलं.

"आधी हसू येतं, मग अंग सैल, मग भूक."

"भूक सोडली तर हे सगळं दिगंबरकाकांना श्रीखंडाने होतं."

"आई, स्टॉप इट."

बरं, आता खरं सांगते. पहिल्याच सकाळी तिने दूध करपवलं. धूर होईपर्यंत शेजारी फोन बघत उभी. "नाक आहे का नाही तुला?" म्हणाले, तर रडायलाच लागली. सर्दीनंतर तिला वासच येत नाही. कशाचाच. ऑफिसात सांगितलं नव्हतं, कारण तिची नोकरी म्हणजे तिचं नाक. अंदाजाने लिहीत होती.

मग मी बरणीत नाक घातलं. मी सांगायची, ती टाइप करायची.

"हिंगाच्या डबीचं झाकण."

"फंकी. सेव्हरी."

"भिजलेलं गोणपाट."

"अर्थी. मातकट."

"मिरे. आणि कैरीची साल, देठाजवळची, चिकाची."

यावर ती थांबली. "आई, यार, दॅट्स ब्यूटिफुल."

ब्यूटिफुल म्हणे! मला ओकारी येत होती. शाळेत आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि इथे बसून मुलीला उत्तरं पुरवत होते. त्या ओकारीतली अर्धी तरी माझी मलाच येत होती.

परवा एक बरणी तिने मला न विचारता विक्रीसाठी पास केली. मी सहज उघडली. कैरीच्या खाली बुरशी होती, कोंदट तळघरातल्या ओल्या चपलेसारखी.

"हे कुणाच्या तरी छातीत जाणार आहे, कळतंय का तुला?"

"आई, प्लीज."

"प्लीज नाही. विक्रमला तू सांगतेस की मी?"

विक्रम तिचा साहेब. तिने माझ्यासमोर फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याने आधी बरणीचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाला, तो माल थांबवतो. नाक परत येईपर्यंत तुझी जागाही राखीन, पण बरण्या काही थांबणार नाहीत. आणि हो, ते कैरीचं वर्णन कुणाचं?

फोन ठेवून ती आली आणि माझी मान हुंगली. लहानपणी झोपताना हुंगायची, तशी.

"नथिंग," म्हणाली. "आई, तुझाही वास येत नाही."

ताई, विक्रमने तिच्या जागी मलाच बोलावलं आणि मी हो म्हटलं आहे. सोमवारपासून कामावर जाणार, उन्हाळा लागेपर्यंत. केसांना जाळी, गळ्यात ओळखपत्र आणि समोर तीच घाण. संजीव हसून हसून लोळले. तू सगळ्यांना एवढंच सांग की नंदाला वनस्पतिशास्त्रातली नोकरी लागली. ते खोटं नाही.

डॉक्टर म्हणाली, ओळखीचे वास रोज हुंगवा, हळूहळू परत येईल. तेव्हा एक काम कर. वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी आणि थोडी जायपत्री पाठव. पूड नको, सगळं अख्खं. आणि त्यात तुझी एक नेसलेली, न धुतलेली साडी घाल. सुट्टीत आलो की सई तुझ्याच कुशीत झोपायची. माझ्या अंगाला आता तिच्या बरण्यांचाच वास येतो.

नाक मुठीत धरून,
तुझी नंदा