तिकडे असतो

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुझ्या जाण्याला घरात प्रत्येकाचा वेगळा शब्द आहे. काका म्हणतात, 'देश सोडला', सिगारेट सोडल्यासारखं. शेजारच्या काकूंच्या लेखी तू 'परदेशी स्थायिक' आहेस. बाबा नुसतं 'बाहेर गेलाय' म्हणतात, जणू कोपऱ्यावरून ब्लेड आणायला गेलायस. आई मात्र इतकी वर्षं एकच सांगत आलीय, 'तो तिकडे असतो.' असतो म्हणजे कामापुरता. राहतो तो इथेच. म्हणून तर तुझ्या पलंगावर तिने कधी कुणाला झोपू दिलं नाही.

काल सुतार आला होता. पलंगाचा पाय निखळलाय, तो बसवू की पलंगच मोडू, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, "मोडा. त्याच्या फळ्यांचं कपाट करा. थोरला आता तिकडेच राहतो."

मी चाट पडले. सुतार गेल्यावर तिला विचारलं, "राहतो? कधीपासून?"

"परवापासून," ती म्हणाली. "फोन ठेवताना काय म्हणाला तो? घरी पोचलो की करतो. घर म्हणतोय, म्हणजे झोप लागत असेल त्याला तिथे."

तुझ्या तोंडून तो शब्द सहज निघाला का, हे विचारायची फार उत्सुकता आहे. पण हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर पुढच्या फोनवर तू जपून बोलशील, आणि आई सुताराला परत बोलावेल.

इथेच राहणारी,
तुझी धाकटी