रोज दिसणारी वेणी

आई,

आधी तुझ्या पायांवर डोकं ठेवते, मग बाकीचं. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला गेला का?

वॉर्डात आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन केल्याशिवाय गोळी देता येत नाही, त्यामुळे औषधांची अदलाबदल होत नाही. खरंच चांगलं आहे गं. फक्त स्क्रीन भिंतीवर आहे, म्हणून नोंद करताना पेशंटकडे पाठ होते.

काल खिडकीजवळच्या आजींना विचारलं, "दुखतंय का?" त्या "नाही" म्हणाल्या, मी तशी नोंद केली. मग म्हणाल्या, "पोरी, वेणी छान घालतेस. रोज तेवढीच तर दिसते."

मी हसत वळले, तर त्यांनी पोट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"मग 'नाही' का म्हणालात?"

"तू कामात होतीस ना."

डॉक्टरांना लगेच बोलावलं, आता बऱ्या आहेत.

रविवारी तुझा फोन आला तेव्हाही मी नोंदीच भरत होते. नुसतं "हं, हं" करत राहिले. म्हणून आज हाताने लिहितेय.

आई, जिन्यात काय झालं म्हणाली होतीस?

तुझी,
धाकटी