तांबूच्या विरहाचा उलगडा

खडोली, ता. २ एप्रिल १९९२

तीर्थरूप सुकदेवमामांस,

गोकुळचा साष्टांग नमस्कार. (लिहितो आहे खाटेवर बसून, पण नमस्कार आडवा पडून केला असं धरावं.) तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि विहिरीचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इकडे मी, मंजुषा आणि तुम्ही लग्नात आंदण दिलेली तांबू, असे तिघेही खाऊनपिऊन सुखात आहोत.

दिवाळीत तुम्ही गोठ्यात उभं राहून म्हणालात, "भाचा, आखाजीलोंग गाय गाभण नही व्हयनी ते मी तिले लई जासू." तुम्ही अशी अक्षय्य तृतीयेची मुदत घातलीत, तेव्हापासून मंजुषाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी तरी काय करणार? तांबू माजावर येतच नाही अशी माझी पक्की समजूत. मोड आलेले गहू चारले, गूळ चारला (थोडा मीही खाल्ला), कारखान्यातल्या झुंबरने सांगितलेला कडू पाला चारला. तांबू सगळं खाऊन गुटगुटीत झाली, बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र मी लाजेने तुम्हाला सांगितली नव्हती. तांबूचा माझ्यावर फार जीव. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते; पहिली, दुसरी, मग नाइट. नाइटच्या आठवड्यात एक दिवस हमखास असा यायचा की मी कामावर गेलो की ही चारा सोडायची, दावं ओढायची, हंबरून हंबरून मंजुषाला झोपू द्यायची नाही. सकाळी मी येऊन पाठीवर हात फिरवला की तासाभरात शांत! मंजुषा नाशिकला चाळीत वाढलेली, तिला वाटलं गाय माझ्या आठवणीने रडते. मलाही तेच वाटलं (असं वाटून घ्यायला कुणाला नको असतं?). खात्यातले लोक म्हणायचे, "आपकी गाय तो बीवी से ज्यादा मानती है." हे वाक्य मी घरी येऊन सांगितलं. दोन दिवस वरणात मीठ नव्हतं.

शेवटी जानेवारीत सिल्वासाहून गुरांचे डॉक्टर आणले. दत्तात्रय त्यांचं नाव, कोकणातले, तोंडाने फटकळ. तांबूच्या प्रेमाचा पुरावा म्हणून मी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. मंजुषाने त्यावर चार ठिकाणी "गाय रडली" असं लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी बोटाने दिवस मोजले. दर खेपेला बरोबर एकवीस. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तपासायचं मलाच आहे. म्हणाले, "अहो, रडत्येय कसली? माजावर येत्येय! आणि माज उतरायच्या वेळेला तुम्ही घरी येता."

मग त्यांनी मला समजावलं ते असं. गायीच्या बीजांडकोशावर पाण्याचा एक फोड वाढतो. तो मोठा झाला की त्यातलं संप्रेरक रक्तात उतरतं, आणि गाय हंबरते, चारा सोडते, मागून काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव, म्हणजे सोट, टाकते. मग मेंदूकडून दुसऱ्या संप्रेरकाचा हुकूम सुटतो, फोड फुटतो, बीज बाहेर पडतं. फुटल्या जागी पिवळी गाठ धरते. तिचं तिसरं संप्रेरक गायीला थंड ठेवतं. गर्भ राहिला नाही तर गाठ विरते आणि नवा फोड कामावर हजर. म्हणजे तिच्याही पोटात तीन शिफ्ट, आणि तिची आणि माझी फेरी एकाच दिवशी फिरून जागेवर यायची! मी घरी असताना ती थंड, मी कारखान्यात असताना हिचा माज. आणि मी आपला त्यावर मिशीला पीळ देत होतो.

पुढच्या एकविसाव्या दिवशी झुंबरशी शिफ्ट बदलून घेतली आणि संध्याकाळपासून गोठ्यात डोळ्यांत तेल घालून बसलो. लक्षणं ओळखली, सकाळी डॉक्टरांना आणलं, त्यांनी कृत्रिम रेतन केलं. नंतरच्या नाइटला घरी येऊन आधी विचारलं, हंबरली का? मंजुषा म्हणाली, ढाराढूर झोपली होती. मामा, आनंद झालाच, पण खोटं कशाला बोलू, जरा वाईटही वाटलं. काल डॉक्टरांनी हात घालून तपासलं. तांबू गाभण आहे.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
गोकुळ

ता. क. आखाजीला जरूर या, पण एसटीने या. टेम्पो ठरवला असेल तर त्याला नको म्हणून सांगा.

ता. क. दुसरा. मामा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मी मंजुषा दोन ओळी लिहिते. त्या दिवशी हे गोठ्यात बसले ते दिवेलागणीलाच घोरायला लागले. सोट मी पाहिला आणि डॉक्टरांना रिक्षाने मीच आणलं. मी हे लिहिलं असं यांना सांगू नका, फार खुशीत आहेत. आणि ती व्याली, नाही व्याली, तरी गाय नेऊ नका. हे नाइटला गेले की या खोलीत मी एकटीच असते. भिंतीपलीकडून तिचं रवंथ ऐकू येतं, तेवढ्यावर मला झोप लागते.