कोपऱ्यापर्यंत शार्प

१ सप्टेंबर
बाबा दुकान सोडणार. तारीख पक्की, तीस. सहा फूट रुंद आणि नऊ फूट खोल जागेत त्यांनी एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता बारीक स्क्रू हाताला लागत नाही, म्हणून स्वतःहून थांबताहेत. जागा शेजारचा चष्मेवाला घेतोय. भांडण नाही, रडारड नाही.

बाबांची मागणी एकच. टेबलाशी बसून काम करतानाचा एक फोटो हवा, मागच्या भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांसकट. इतक्या वर्षांत कुणी काढलाच नाही म्हणाले. तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे, तूच काढ. बाबांनी माझ्याकडे यापूर्वी काही मागितल्याचं मला आठवत नाही. असा फोटो काढीन की बघणारा बघतच राहील.

२ सप्टेंबर
जागेची पाहणी केली. माझी झूम लेन्स तिथे बिनकामाची आहे. दारात उभं राहिलं तर बाबा येतात, घड्याळं येत नाहीत. रस्त्यावर मागे सरकलो तर मधे येणारेजाणारे. निष्कर्ष: वाइड-अँगल प्राइम हवी. म्हणजे झूम न होणारी, एकाच मापाची, पण जवळूनही पुष्कळ काही टिपणारी लेन्स. शिवाय आकाराने छोटी. मोठं धूड समोर आलं की बाबा पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ होतात.

चार दिवसांत निवडतो. बायको म्हणाली, फोन आहे की. मी लेन्सची यादी करायला घेतली.

३ सप्टेंबर
जुनी झूम विकून टाकली. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस मनापासून लढत नाही. कॅमेरा सध्या तोंडाला टोपण लावून कपाटात आहे.

७ सप्टेंबर
निवड जवळजवळ झाली. सोळा, वीस की चोवीस मिलिमीटर, एवढंच ठरायचंय. आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं. एक्सेल शीट केलं. एकोणीस लेन्स, तेवीस रकाने. ऑफिसात साहेबांनी विचारलं, एवढं मन लावून काय चाललंय. क्वालिटी रिपोर्ट, म्हणालो. यात खोटं काही नाही. मी बारा वर्षं बाटल्यांची बुचं तपासतोय. लेन्ससुद्धा शेवटी एक प्रकारचं बूचच, फक्त आरपार दिसणारं.

१० सप्टेंबर
टेप घेऊन दुकानात गेलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांना वाटलं फोटो आजच आहे. आज फक्त मोजमाप, असं मी समजावून सांगितलं. बरं म्हणाले आणि टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. टेबलापासून उंबरा सात फूट दोन इंच. भिंतीवर घड्याळं बत्तीस.

मोजताना त्यांना चार वेळा उठवावं लागलं. चारही वेळा त्यांनी विचारलं, आता बसू का. पुढच्या वेळी इस्त्री करू नका, आधी फोन करीन, असं सांगून आलो.

१३ सप्टेंबर
फोटोग्राफीच्या ग्रुपवर सल्ला मागितला. तिथे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कोपरेसर म्हणतात. त्यांचं म्हणणं, फोटोच्या मधोमध कुठलीही लेन्स शार्प असते, त्यात काय पराक्रम? लेन्सची खरी परीक्षा कोपऱ्यात. हे मला एकदम पटलं. शीटला कोपऱ्यांचे चार रकाने वाढवले. चोवीस बाद, तेवढ्या अरुंद जागेत पुरणार नाही.

कोपरेसरांनी स्वतः काढलेले फोटो पाहिले. सगळेच्या सगळे विटांच्या भिंतींचे आहेत. एका विषयाला इतकं वाहून घेतलेला माणूस मी पाहिलेला नाही.

१६ सप्टेंबर
भिंतीवर सव्वीस. दुकान बंद होणार हे कळल्यामुळे गिऱ्हाइकं आपापली घड्याळं घेऊन जाताहेत. बायको म्हणाली, तुमची लेन्स येईपर्यंत खिळे उरतील. मी शांतपणे सांगितलं की घड्याळं कमी झाली की कॉम्पोझिशन सुटसुटीत होतं. तिने हात जोडले.

१९ सप्टेंबर
सकाळी ९.१० – निर्णय! वीस. ऑर्डर केली.
९.४० – रद्द केली. समोरून उजेड आला तर फोटोत भूत उमटतं म्हणे, म्हणजे दिव्याचा फिकट ठिपका. दुकानात ट्यूब आहे.
दुपारी १२.०५ – सोळा. ऑर्डर केली.
१२.३० – रद्द. सोळामध्ये कडेचा माणूस भोपळ्यासारखा ताणला जातो. बाबा मधे बसणार आहेत, मान्य. पण ऐनवेळी कडेला सरकले तर?
संध्याकाळी ६ – पुन्हा वीस. बायकोने फोन हातातून काढून घेतला. त्यामुळे निर्णय कायम राहिला. अकरा दिवस हातात आहेत, म्हणजे भरपूर.

२२ सप्टेंबर
एका बाईंचं लंबकाचं घड्याळ आठ दिवसांपूर्वीच दुरुस्त झालंय. बाबा ते देत नाहीत. फोटो झाला की या म्हणतात. आज बाई तिसऱ्यांदा आल्या आणि दुकानात उभ्या राहून वाट्टेल ते बोलल्या. बाबांनी ऐकून घेतलं. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी कुणाला उद्या या म्हटलेलं नाही, तोच त्यांच्या धंद्याचा नियम होता. हे सगळं मला बायकोने सांगितलं, कारण बाबा सांगणार नाहीत.

दर दहा मिनिटांनी पार्सल कुठवर आलंय ते बघतोय. 'निघालं' असं लिहिलंय. कुठून, ते लिहिलेलं नाही.

२४ सप्टेंबर, दुपारी
आली! मुठीत मावते. कॅमेऱ्यावर टक्क करून बसली. बाबांना फोन केला, उद्या नक्की. मग आत्ताच जाऊन केस कापून येतो म्हणाले. आवाज एवढा खुशीत होता की मलाच लाजल्यासारखं झालं.

संध्याकाळी
फक्त एक छोटी चाचणी. हॉलच्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलंय.

२५ सप्टेंबर, सकाळी
एकशे बारा फोटो काढले. उजवीकडचा वरचा कोपरा मऊ आहे. बाकी तीन कोपऱ्यांतल्या छोट्या जाहिराती स्वच्छ वाचता येतात, चौथ्यातला भाड्याने देणे आहे की घेणे आहे ते कळत नाही. कोपरेसरांना पाठवले. त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. आतलं भिंग तिरकं बसलंय, खराब नग, ताबडतोब परत करा.

बायकोने विचारलं, दुकानात त्या कोपऱ्यात काय येतं. मोजमापाच्या कागदावर बघितलं. विजेचा मीटर येतो. मग मीटरसाठी आजचा फोटो घालवणार का, असं तिने विचारलं. प्रश्न मीटरचा नाही, तत्त्वाचा आहे. तिरकं बूच मी बारा वर्षांत एकदाही पास केलेलं नाही. दहा वाजता लेन्स परत पाठवली. बदली दोन दिवसांत येईल.

दुकानात जाऊन सांगितलं. बाबांचे केस फारच बारीक कापलेत, कान मोठे दिसतात. चांगली येऊ दे, घाई नाही म्हणाले. भिंतीवर दहा.

२७ सप्टेंबर
दोन दिवस झाले. आली नाही. कंपनीत फोन केला. मुलगी फार गोड बोलते. माझ्याइतकीच तीही वाट बघतेय, असा तिचा सूर होता.

२८ सप्टेंबर
आली नाही. बायको मला न सांगता फोन घेऊन दुकानात गेली होती. बाबांनी तिला फोटो काढू दिला नाही. त्याने एवढी तयारी केलीय, त्याला वाईट वाटेल, असं म्हणाले. हे ऐकून मला आधी अभिमान वाटला. मग जेवण गेलं नाही.

२९ सप्टेंबर
मित्राकडे लेन्स उसनी मागावी असा विचार आला. त्याच्याकडे झूम आहे, नेमकी मी विकली तशीच. इतकं केल्यावर आता झूम? शिवाय आज येईलच. भिंतीवर फक्त त्या बाईंचं लंबकाचं. एक घड्याळ असलं तरी हरकत नाही, नजर थेट तिथे जाते.

आली नाही.

३० सप्टेंबर
सकाळी ८ – रजा टाकली. पार्सल गावात आलंय. स्वतः कुरिअरच्या गोदामात जाऊन घेतो. दहाला लेन्स, साडेदहाला दुकान, अकराला फोटो.
११.३० – गाडी यायचीय. बाकावर बसून लिहितोय. बाबांना कळवलं, बारा वाजता.
१.१५ – गाडी आली. आमचं पार्सल दुसऱ्या गाडीत. बाबांना कळवलं, तीन. ते म्हणाले, मी इथेच आहे.
३.४० – दुसरी गाडी आली. पार्सल नाही. त्यांनी माझ्यादेखत सगळी पोती उघडून दाखवली.
५.२० – बायकोचा फोन. ज्या कारागिराला टेबल दिलंय तो चारला टेम्पो घेऊन आला होता. बाबांनी त्याला पाऊण तास चहा पाजत थांबवून ठेवलं. मग टेबल गेलं. लंबकाचं घड्याळ बाबा स्वतः त्या बाईंच्या घरी पोचवून आले आणि उशिराबद्दल माफी मागितली. किल्ली चष्मेवाल्याला दिली.

बाबा घरी येऊन झोपलेत. जागा तर कुठे जात नाही. फोटो जागेचाही निघतो.

४ ऑक्टोबर
लेन्स आली. वर्तमानपत्र लावलं. चारही कोपरे खणखणीत. कुठे काय भाड्याने आहे ते सगळं वाचता येतं. असा नग हजारात एखादाच.

६ ऑक्टोबर
चष्मेवाला भला माणूस आहे, लगेच आत घेतलं. त्याने माळा काढलाय, खिळे उपटून भिंती पांढऱ्या केल्यात, फरशी नवी घातलीय. मीटरही हलवलाय. त्याचं सामान अजून यायचंय, त्यामुळे दुकान पूर्ण रिकामं. वीस मिलिमीटरचा माझा हिशेब अचूक निघाला. भिंती, छत, फरशी, सगळं एका फ्रेममध्ये आलं. वाइड-अँगलमुळे जागा आहे त्याच्या दुप्पट खोल दिसते, तेवढं चालायचंच. कोपऱ्यापर्यंत शार्प. ग्रुपवर टाकला. कोपरेसरांनी लिहिलं, याला म्हणतात फोटो.

मोठी प्रिंट काढायला दिली. बाबांना देणार आहे.

८ ऑक्टोबर
बाबांना प्रिंट दिली. खिडकीशी नेऊन त्यांनी ती खूप वेळ बघितली. काम स्वच्छ आहे म्हणाले. केवढं ऐसपैस दुकान आहे, आपल्याला एवढी जागा असती तर गिऱ्हाइकांना बसायला दोन खुर्च्या ठेवल्या असत्या, बिचारे सगळे उभेच राहिले. मग विचारलं, कुणाचं आहे.

ओळखीतल्या एकांचं आहे म्हणालो. नशीबवान माणूस, असं म्हणून बाबांनी फोटो मला परत दिला.